दाखवायची चूल

कारभारीनं वाटणीची गोष्ट काढली ती जेवता जेवता, आणि तीही इतक्या सहज, की जणू बैलाला नवी वेसण घालायचं ठरलं आहे. मालनबाईचा हात तव्यावरच थांबला आणि भाकरी एका अंगानं करपली.

"नुसतं कागदावर," तो म्हणाला. "घरात काय बी बदलायचं न्हाई."

झालं होतं असं. ग्रामसेवकानं, ज्याला अख्खी बोरवनवाडी भाऊसाहेब म्हणायची, चावडीवर लोक जमवून सांगितलं होतं की लहान शेतकऱ्यांसाठी सरकारची नवी योजना आली आहे. ज्याच्या नावावर पाच एकरांच्या आत जमीन, त्याला हायब्रीडचं बी आणि खत सवलतीच्या भावात मिळणार, आणि विहीर पाडली तर तिच्या खर्चाचा चौथा हिस्सा सरकार भरणार. संगमनेरच्या पठारावर गेली दोन वर्षं पाऊस तोंड दाखवून परत जात होता. विहीर म्हटल्यावर माणसं पुढं सरकून बसली. पण कारभारीची जमीन होती चौदा एकर. बाप वारल्यावर ती सगळी थोरला म्हणून त्याच्या एकट्याच्या नावावर चढलेली. धाकटा रंगनाथ, त्याची बायको पुष्पावती, त्यांचं रांगतं लेकरू, आणि कारभारी-मालनबाईच्या दोन पोरी, सगळे एका चुलीवर जेवत.

दहा एकर माळ होता, मुरमाड, कुसळांचा. उरलेली चार एकर मळई ओढ्याकाठी, काळीभोर. पानाड्यानं नारळ तळहातावर घेऊन फिरून पाणी दाखवलं होतं तेही मळईतच. मग भाऊसाहेबांनी वाट सुचवली. मळई धाकट्याच्या नावावर करा, तो झाला लहान शेतकरी.

"आन् मग उद्या?" मालनबाई म्हणाली.

"उद्या काय?"

"न्हाई, इचारलं आपलं."

कारभारीनं तिच्याकडे पाहिलं. "रंगा म्हंजे मीच हाय," तो म्हणाला. रंगनाथ खाली मान घालून कालवण ओरपत होता. तो काहीच बोलला नाही. बोलायला हवं होतं, असं मालनबाईला वाटलं. एवढी काळी जमीन नावावर होते आहे म्हटल्यावर माणूस "नको दादा" तरी म्हणतो.

तलाठ्याकडे नोंद झाली. मग भाऊसाहेब एक दिवस घरी आले आणि घर फिरून बघत म्हणाले, "तालुक्याचे साहेब पाहणीला येतील. कधी येतील ते सांगता येणार नाही. भाऊ वेगळे झाले म्हणजे चूल वेगळी पाहिजे. खालच्या वाडीतल्या दोघांचं प्रकरण त्यांनी चुलीवरूनच उडवलं."

म्हणून दुसरी चूल घातली गेली. गोठ्याच्या अंगाची पडवी पुष्पावतीला दिली. ओढ्याची माती तिनं स्वतः आणली, त्यात भुसा मळला, शेजारी दुसरं भांडं ठेवायला वैल काढून चूल घातली. शेजारी भिंतीत कोनाडा पाडला, त्याच्याखाली बसायला बुटका ओटा केला, सगळं पांढऱ्या मातीनं पोतारून वर गेरूची रेघ ओढली. मालनबाई पोरीच्या केसांत तेल घालता घालता दारातून पाहत होती. दाखवायच्या चुलीला कोण गेरूची रेघ ओढतं?

"चूल वापरल्यासारखी दिसली पायजे," पुष्पावती म्हणाली. "भाऊसाहेबच म्हनले, आक्का."

"म्हनले असतील," मालनबाई म्हणाली.

आधी त्या चुलीवर नुसता सकाळचा चहा व्हायचा. मग लेकराची पेज होऊ लागली. मग एके दिवशी रंगनाथ रानातून आला आणि थेट पडवीत जाऊन बसला. पुष्पावतीनं त्याला तिथंच भाकरी वाढली. तो जेवून हात धुवायला बाहेर आला, तेव्हा मालनबाई इकडं त्याचं ताट घेऊन उभी होती. "आवो वैनी, तिकडं झालं की," तो ओशाळून म्हणाला. तिनं ताटातली भाकरी परत टोपलीत ठेवली. त्या दिवसापासून तिची नजर पडवीवर बसली ती बसलीच.

नजर बसली की खूप काही दिसायला लागतं. कणगीतली ज्वारी पूर्वीपेक्षा लवकर खाली चालली आहे असं तिला दिसलं. पुष्पावती कापड शिवताना पूर्वी अंगणात बसायची, आता पडवीत बसते हे दिसलं. सोसायटीत हायब्रीडच्या बियाण्याच्या आणि खताच्या गोण्या आल्या तेव्हा शिपायानं रंगनाथचं नाव पुकारलं आणि कारभारी त्याच्या मागं गोणी उचलायला उभा राहिला, हे तिला पोरीनं येऊन सांगितलं. गावातली माणसं रंगनाथला गमतीनं "मळईवाले" म्हणायला लागली. रंगनाथ हसायचा.

शेजारची छबूबाई तांब्या घेऊन ताक मागायला आली आणि उंबऱ्यावरच टेकली. "माझ्या माहेरी असंच केलं हुतं," ती म्हणाली. "सोसायटीच्या कर्जासाठी चुलत्याच्या नावावर लावली जमीन. चुलता देवमानूस. पर चुलतीनं बघ, मरस्तवर सोडली न्हाई."

"आमचं घर तसं न्हाई," मालनबाई म्हणाली.

"मी कुठं म्हनलं?" छबूबाई म्हणाली. ती ताक घेऊन गेली. मालनबाईनं रवी पुन्हा फिरवायला घेतली. तिला दोन पोरी. पुष्पावतीच्या मांडीवर पोरगा. माळाची दहा एकर कुसळं आपल्या वाट्याला राहिली तर पोरींची लग्नं कशावर करायची, हे कारभारीला कधी सुचणार नव्हतं. ते तिलाच सुचायला हवं होतं.

होळीच्या आधी पुष्पावतीचा भाऊ गोरक्षनाथ आला. त्यांचं गाव अकोले तालुक्यातल्या डोंगरात, राजूरच्या पलीकडं. येताना तो तांदळाची पिशवी घेऊन आला, आणि ती त्यानं पडवीत उतरवली, घरात नाही. दुपारी तो रंगनाथबरोबर मळईत गेला. मालनबाई वाळवण घालायला माळवदावर चढली होती, तिथून तिला दोघं दिसत होते. गोरक्षनाथ बांधानं पार ओढ्यापर्यंत चालत गेला, खाली वाकून त्यानं मूठभर माती उचलली, चोळून पाहिली, हुंगलीसुद्धा. पाहुणा माणूस दुसऱ्याच्या रानातली माती कशाला हुंगेल?

दिवेलागणीला ती म्हशीला आंबोण ठेवायला गोठ्यात गेली. मधल्या कुडापलीकडं पडवीत ते जेवत होते. गोरक्षनाथचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

"एकदा नाव लागलं म्हंजे लागलं. आता हात सोडू नका, दाजी. थोरल्याच्या पोरी जातील लग्न करून. मग समदं तुमचंच की."

मालनबाई पाटी हातात धरून उभी राहिली. रंगनाथनं काहीतरी उत्तर दिलं, पण नेमकी म्हशीनं साखळी झटकली आणि पाटीला ढुशी दिली. तिला फक्त भांडं आपटल्याचा आवाज आला. मग सगळं गप्प.

दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आत गोरक्षनाथ निघून गेला. चहासुद्धा न घेता. ज्याला भरल्या घराचा निरोप घेता येत नाही, त्याच्या मनात काय असतं हे मालनबाईला कुणी सांगायची गरज नव्हती.

तिनं कारभारीला सांगितलं. त्याला राग आला, पण तिचा आला. "तुझं कान कुडाला," तो म्हणाला. "रंगाला मी खांद्यावर खेळवलाय."

"आवो, मी भावजींना काय बी म्हनत न्हाई. पर ते काय म्हनले ते तुमाला ठाव हाय का? मला न्हाई. तुमाला बी न्हाई."

कारभारी उठून बाहेर गेला. पण त्या दिवसानंतर तो जेवताना मधूनच पडवीकडं बघायचा. मालनबाईला आधी बरं वाटलं. आता दोघं बघत होते.

सोसायटीचं कर्ज काढून विहिरीचं काम मळईत चालू झालं होतं. वरची माती आणि मुरूम हातानंच निघाला, मग काळा कातळ लागला. सुरुंगासाठी कातळात भोक पाडायला एकानं पहार उभी धरायची आणि दुसऱ्यानं वरून घण घालायचा, घाव झाला की पहार जरा फिरवायची, पुन्हा घण. धरणाऱ्याचे दोन्ही हात घणाखाली असतात. त्यानं मारणाऱ्याकडं बघायचं नसतं, पहारीकडं बघायचं असतं. दोघं भाऊ हे काम करीत होते, कारण दुसरं कुणी असलं की मजुरी द्यावी लागते, आणि दुसऱ्या कुणाच्या हातावर एवढा भरवसाही नसतो.

चैत्रातली दुपार होती. मालनबाई भाकरी घेऊन विहिरीच्या काठावर आली आणि खाली पाहत उभी राहिली. कारभारीनं पहार धरली होती. रंगनाथनं घण उचलला. आणि तिला दिसलं की कारभारी पहारीकडं बघत नाही, तो रंगनाथच्या तोंडाकडं बघतो आहे. घण खाली आला तसा त्यानं हात मागं ओढला. पहार कलली, घण कातळावर बसला आणि ठिणगी उडाली.

"दादा, हात गेला असता," रंगनाथ म्हणाला.

"मनगट भरून आलंय," कारभारी म्हणाला. "उद्यापास्नं वडारवाडीचा गडी सांगू. मी वर माती वढतो."

रंगनाथनं घण खाली ठेवला. तो भावाकडं पाहत राहिला, मग त्यानं मान वर करून काठावर उभ्या असलेल्या मालनबाईकडं पाहिलं. उन्हामुळं त्याचे डोळे बारीक झाले होते. मालनबाईनं भाकरीचं फडकं दोरीनं खाली सोडलं आणि ती मागं न बघता घरी आली. कारभारीचं मनगट धडधाकट होतं. काल रात्रीच त्यानं धान्याची गोणी एकट्यानं उचलली होती.

वैशाखात साहेब आले. जीप त्यांनी ओढ्यापलीकडं उभी केली आणि कुणाला वर्दी जाऊ नये म्हणून चालत आले. मागं घामाघूम झालेले भाऊसाहेब. दोघं भाऊ विहिरीवर होते. घरात दोघी जावाच. साहेब पोक्त होते, डोक्यावर साहेबी टोपी. त्यांनी पाणी घेतलं, बसले मात्र नाहीत.

"वाटणी कधी झाली?" त्यांनी मालनबाईला विचारलं.

"झाली की. दिवाळीनंतर."

ते आतल्या चुलीपाशी वाकले, राखेवर हात धरला. मग पडवीत गेले, तिथंही धरला. "ऊन आहे," भाऊसाहेब मागून म्हणाले.

"ऊन राख मी रोज बघतो," साहेब म्हणाले. "पाण्याची उतरंड एक, जातं एक, दोघींची लुगडी एकाच दोरीवर. हे वेगळं झालेलं घर वाटत नाही मला." ते पुष्पावतीकडं वळले. "बाई, तुम्ही इथं स्वयंपाक करता ना? मग तुमचं मीठ कुठं आहे? पीठ कुठं आहे?"

भाऊसाहेबांचा चेहरा उतरला. मालनबाईला वाटलं, संपलं. आणि खरं सांगायचं तर तिच्या मनात असंही आलं, की संपलं तर संपू दे. योजना जाईल, सूट जाईल, पण मळई पुन्हा कारभारीच्या नावावर येईल. तिनं एक शब्द बोलायचा अवकाश होता.

पुष्पावतीनं कोनाड्यावरचं फडकं बाजूला केलं. आत मिठाचं मडकं होतं, तिखटाची वाटी होती, तेलाची बाटली होती. मग तिनं ओट्याच्या आडून एक पत्र्याचा डबा ओढून बाहेर काढला आणि झाकण उघडलं. डबा काठोकाठ ज्वारीनं भरलेला होता.

मालनबाईला हे काहीच ठाऊक नव्हतं. "ही ज्वारी कुठली?" ती म्हणाली.

"माझी हाय."

"तुझी कुठली? कणगी खाली जातीया म्हनून मी रोज बघतीया. ह्यो डबा कवा भरलास?"

"बाई, बाई," भाऊसाहेब मध्ये पडू लागले. साहेबांनी हातानं त्यांना थांबवलं.

"कणगीतला दाना मी शिवले न्हाई," पुष्पावती म्हणाली. "माझ्या भावानं तांदूळ आनला त्यातला छबूबाईला दिला आन् ज्वारी घेतली. इचारा तिला."

"तुझा भाऊ काय काय आनतो ते ऐकलंय मी. कुडाआडनं ऐकलंय. हात सोडू नका म्हनत हुता. आमच्या मळईची माती हुंगून गेलाय त्यो."

पुष्पावती म्हणाली, "म्हनला. खोटं कशाला बोलू? आन् पुढलं न्हाई का ऐकलं? तुमच्या दिरानं त्याला ताटावरनं उठिवलं. पुन्यांदा असं बोललास तर ह्या घरचं पानी पिऊ नको म्हनले. पहाटं उपाशी गेला माझा भाऊ. तवापास्नं आला न्हाई, चिठ्ठी न्हाई."

मालनबाईला त्या संध्याकाळचा भांड्याचा आवाज आठवला. तरीही तिचं तोंड थांबेना. "मग गेरूची रेघ कशाला वढलीस? नुसत्या दाखवायच्या चुलीला?"

"कारन मला चूल पायजे," पुष्पावती म्हणाली. "जमीन न्हाई, चूल. लेकराला वाटीभर दूध पायजे तर तुमच्या तोंडाकडं बघावं लागतं. भाजीत मीठ कमी पडलं तर तुमाला इचारून घ्यावं लागतं. लगीन झाल्यापास्नं एक दिस मी माझ्या मनानं कालवन केलं न्हाई. हिथं करती. व्हय, मला ग्वाड लागतं. तुमी मोडा म्हनलात तर आत्ता मोडती."

आणि ती रडू लागली. लेकरू तिच्या पायाला बिलगून रडू लागलं. मालनबाई तिथंच उभी राहिली.

साहेबांनी टोपी काढून घाम पुसला. "असू द्या," ते भाऊसाहेबांना म्हणाले. "हे वेगळे आहेत. नाटक करणाऱ्या जावा मी पाहिल्यात, त्या गोड बोलतात." मग ते विहीर बघायला मळईकडं गेले. विहिरीची सूट मंजूर झाली.

दिवस मावळताना दोघं भाऊ घरी आले. भाऊसाहेबांनी वाटेत सगळं सांगितलं असणार, कारण रंगनाथ पडवीत न जाता सरळ मालनबाईच्या दारात आला. कारभारी अंगणात पाय धूत होता, धुऊन झाले तरी पाणी ओतत राहिला.

"वैनी," रंगनाथ म्हणाला, "दादानं पहार सोडली तवाच मला कळलं हुतं, काय तरी झालंय. त्याच्या मनात कुनी भरवलं ते आज कळलं."

मालनबाईनं पदर तोंडाशी धरला. "भावजी, मला काय दिसलं ते मी सांगितलं."

"दिसलं तेच सांगितलंत," तो म्हणाला. "मला इचारलं असतं तर बरं झालं असतं." एवढं बोलून तो गेला.

दुसऱ्या दिवशी तिनं छबूबाईला गाठलं. तिनं सरळ सांगितलं, व्हय, तांदूळ घेतला, ज्वारी दिली. "तुला सांगू नगं म्हनली हुती पोरगी. तू रागावशील म्हनून." आणि मग छबूबाई दुसऱ्याच कुणाच्या तरी घरची गोष्ट सांगू लागली. मालनबाई मध्येच उठून निघाली.

मृगाच्या आधी विहिरीला पाणी लागलं. फार नव्हतं, पण रोज सकाळी तळ भरलेला असायचा. त्या साली, बहात्तरला, पाऊस आलाच नाही. माळावर पेरलेली बाजरी वितीएवढी होऊन करपली. भोवतालची माणसं खडी फोडायला सरकारी कामावर जाऊ लागली. मळईतलं हायब्रीड तेवढं मोट धरून धरून उभं राहिलं. त्याच्या भाकरीला चव नव्हती, जुनी माणसं नाकं मुरडायची, पण त्या वर्षी कुणी टोपलीत भाकरी उरू दिली नाही. खळ्यावर रंगनाथनं पोती भरली आणि निम्म्याहून जास्त कारभारीच्या दारात आणून टाकली. मोजण्यात चूक झाली असेल म्हणून कारभारी एक पोतं परत घेऊन गेला. रंगनाथनं ते पुन्हा आणलं.

"तुमाला पोरी हायत," तो म्हणाला.

पडवीतली चूल कुणी मोडली नाही. मालनबाईनं कणगीतली ज्वारी पुष्पावतीच्या डब्यात स्वतः नेऊन ओतली आणि दुधाची वेगळी चरवी तिच्याकडं ठेवली. दोघी पुन्हा एकत्र दळायला बसू लागल्या, बोलू लागल्या. पण आधी जसं मनाला येईल ते बोलायच्या, तसं नाही. मालनबाई पडवीत गेली की बाहेरूनच हाक मारायची, आणि पुष्पावती तिला बसायला पाट द्यायची. घरातल्या माणसाला कुणी पाट देत नाही.

दसऱ्याच्या सुमारास रंगनाथ कारभारीकडं आला आणि म्हणाला, "दादा, आता काम झालं. तलाठ्याकडं जाऊ, मळई तुमच्या नावावर परत घेऊ."

मालनबाई आत तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले.

"भाऊसाहेबांना इचारलं मी," कारभारी म्हणाला. "विहिरीचं कर्ज फिटस्तवर नाव फिरवलं तर सूट परत मागतील. राहू दे तुझ्याच नावावर."

"आन् फिटल्यावर?"

"फिटल्यावर बी राहू दे."

रंगनाथ उठून गेला. मालनबाई दाराशी आली. कारभारी दाव्याला पीळ घालत बसला होता. त्याच्या तोंडावरून काही कळत नव्हतं. फिटल्यावर बी राहू दे, हे तो भावावरच्या मायेनं म्हणाला, की पहारीखालून हात काढला त्याची भरपाई म्हणून, की धाकट्यानं पुन्हा कधी विहिरीतल्यासारखं आपल्या तोंडाकडं बघू नये म्हणून? तिला विचारायचं होतं. विचारलं असतं तर त्यानं सांगितलंही असतं कदाचित.

"दाव्याला काथ्या कमी पडतोय," तो मान वर न करता म्हणाला. "आत हाय का बघ."

ती काथ्या आणायला आत गेली.